झाकणाच्या आतला बर्फ

३ मार्च

सूनबाई,

तुला अजून सूनबाई म्हणायचं की नाही, ते आता कोर्ट ठरवणार म्हणे. तोपर्यंत म्हणून घेते. राग आला तर तेवढा शब्द खोड आणि पुढचं वाच. पुढचं कामाचं आहे.

शनिवारी भिंगरी आली होती. तिला उचलून घेतलं तर कापसासारखी हलकी लागली. एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काढली आहेत मी, माणूस धड जेवतंय की नाही हे मला नुसतं मनगट धरून कळतं. विचारलं, "घरी काय खातेस गं?" तर म्हणाली, "पाव-अंडं, बटाटा, दूध, मग परत पाव-अंडं." मटण? कोंबडी? "आमच्याकडे नसतं ते," असं एखाद्या मोठ्या बाईसारखं सांगून पळाली. तिचं रक्त कमी आहे असं डॉक्टरीणबाई म्हणाल्याचं तुझ्या नवऱ्याकडून कळलं होतंच.

तुला दोष देत नाही. दिवसभर कारखान्यात उभं राहून चष्म्याची भिंगं घासायची, घरी येऊन पोरीचं सगळं करायचं आणि वर रोज मटण शिजवत बसायचं, हे कुणालाच जमायचं नाही. म्हणून एकदम शिजवून ठेवायची माझी पद्धत लिहून पाठवतेय. सहा वर्षं माझ्या घरात माझ्या हाताखाली काढलीस, पण कधी लिहून घेतलं नाहीस. मी लिहू दिलं नाही असं तू म्हणशील. तेही खरं असेल.

महिन्यातले दोन रविवार ठरवून टाक. तुझ्या फ्रिजला वर बर्फाचा कप्पा असेल, तेवढा दोघींना पुरतो. मटणाचे तुकडे बोराएवढेच करून घे, भिंगरी मोठा तुकडा गालात धरून बसते. पातेल्यात एकदम कोंबू नकोस, थोडे थोडे परतून काढ, नाहीतर पाणी सुटतं आणि तुकडे परतले जाण्याऐवजी नुसते उकडतात. मीठ हात राखून घाल. बटाटा घालायचा नाही, गोठला की भुसभुशीत होतो. खिमा असेल तर गुठळ्या फोडत पार कोरडा होईपर्यंत परत. मग सगळं परातीत पसर, परात गार पाण्यात ठेव आणि निवलं की लगेच डब्यात भर. डबे चपटे घे. खोल डबा मध्यभागी निवत नाही. झाकणावर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने पदार्थ आणि तारीख लिही. पेन नको, शाई फुटते. खायच्या आदल्या दिवशी डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेव, ओट्यावर ठेवू नकोस. आणि गरम करताना बुडबुडे कडेला नाही, मधोमध यायला हवेत.

झालं. एवढंच.

परवा वकील येऊन गेले. एका कागदावर माझी सही हवी आहे. चहा घेतला, कागद ठेवून गेले. त्याबद्दल मग लिहीन.

भिंगरीची आजी


१९ मार्च

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. "आई, मी मांस घरात आणत नाही. माझ्या हातून काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. तिला लोहाच्या गोळ्या चालू केल्यात." मी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली. "माझ्या हातून" हे दोन शब्द काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत.

वकिलांच्या कागदाबद्दल लिहिते म्हटलं होतं. त्यात असं आहे की मुलीची आई मुलीच्या खाण्यापिण्याबाबत निष्काळजी असल्याचं मी स्वतः पाहिलं आहे, सबब मुलगी वडिलांच्या आणि आजीच्या ताब्यात असणं तिच्या हिताचं आहे. खाली माझं नाव आणि एक आडवी रेघ. अठ्ठावीस एप्रिलला तारीख आहे. तुला हे तुझ्या वकीलबाईंकडून कळलं असेलच, तरी माझ्याकडून कळलेलं बरं.

अजून सही केलेली नाही. कागद पिठाच्या डब्याखाली ठेवलाय. माझा लेक रोज विचारतो, "आई, केलीस का?" मी म्हणते, "चष्म्याचा नंबर बदललाय." त्याला लिफ्ट दुरुस्त करायची सवय, एखादं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे असं वाटतं. माझा लागत नाहीये म्हणून चिडतो.

तुला काहीतरी सांगायचं आहे, पण कुठून सुरुवात करू ते कळत नाही. हॉस्पिटलपासून करते.

भिंगरीला ॲडमिट केलं त्याचा तिसरा दिवस. लघवी बंद झाली होती, मूत्रपिंडाला सूज म्हणाले, डायलिसिसच्या मशिनवर घ्यायचं ठरत होतं. चार वर्षांचं लेकरू, दोन्ही हातांना सुया. डॉक्टरांनी आपल्या तिघांना बाहेर बोलावून विचारलं, काय खाल्लं होतं? तू म्हणालीस, खिमा, फ्रीझरमधला. नीट गरम केला होता का? तू म्हणालीस, मायक्रोवेव्हमध्ये केला होता, ती भुकेने रडत होती, मध्यभागी कोमट असेल बहुतेक. बहुतेक म्हणालीस. इतकी खरी माणसं नसावीत बाई जगात. तुझा नवरा सगळ्यांदेखत ओरडला, "एक डबा गरम करता येत नाही तुला?"

आणि मी काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, "जाऊ दे रे, दमून येते बिचारी. होतं असं."

तुला वाटलं मी तुझी बाजू घेतली. रात्रभर जागलेली तू, माझ्या पायाशी त्या गार फरशीवर बसलीस आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. मी तुझ्या केसांतून हात फिरवत राहिले. ते वाक्य तुझ्या बाजूचं नव्हतं गं. "होतं असं" म्हटलं की झालं ते तुझ्याकडूनच, यावर शिक्का बसतो. मला तो बसायला हवा होता.

आणखी एक. घरी आल्यावर तू मला बाजूला घेऊन विचारलं होतंस, "आई, तो डबा उघडला तेव्हा झाकणाला आतून बर्फाचे मोठाले खडे होते आणि खिमा एका बाजूला घसरून गोठला होता. असं होतं का?" मी म्हणाले, "होतं कधी कधी."

कधी कधी होत नाही. आज एवढंच लिहिते. डोळे दुखायला लागले, वय झालं.

आजी


७ एप्रिल

सूनबाई,

डोळे वयाने दुखत नव्हते.

या शनिवारी भिंगरीला मी दुपारी जेवायला वाढलं. कोंबडीचं सूप होतं, ताजं, तिच्यासमोर केलेलं. ती चमचा हातात घेऊन माझ्याकडे बघत बसली. म्हटलं, "खा की." तर म्हणाली, "तू आधी खा." मला वाटलं लाडात आलीये. एक चमचा घेतला. तरी बघतेच. "आता?" म्हटलं. म्हणाली, "आता थांबायचं. मोठा काटा इथून इथपर्यंत जाईपर्यंत. आई आधी खाते, मग आम्ही घड्याळ बघतो. आईला काही झालं नाही की मग मी खाते."

सूप निवून गेलं. मी तिच्यासमोर बसून मोठा काटा बघत होते. मध्येच तिने समजुतीच्या सुरात सांगितलं, "माझी आई मला चुकून आजारी करते ना, म्हणून."

आता लिहिते. एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर परत इकडचं तिकडचं लिहीत बसेन.

पॅसेजमधल्या मोठ्या फ्रीझरचा प्लग मी काढला होता. शुक्रवारची सकाळ होती. भिंगरीच्या शाळेच्या स्कर्टची शिवण उसवली होती, शिलाई मशीन पॅसेजमध्ये उजेडाला घेतलं आणि तिथे सॉकेट एकच. दहा मिनिटांचं काम म्हणून फ्रीझरचा प्लग काढून मशीनचा लावला. तेवढ्यात माझ्या बहिणीच्या शेजारणीचा फोन आला, बहीण न्हाणीघरात पडली, खुबा मोडला. मी होते तशी निघाले. तुम्हा तिघांना दोन दिवस पुरेल एवढं स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये होतं, म्हणून फ्रीझर कुणी उघडला नाही. ऑक्टोबरच्या उकाड्याचे दिवस. शिलाई मशीन तसंच, सॉकेटमधल्या त्याच्या प्लगसकट, दोन दिवस पॅसेजमध्ये उभं होतं. तूच मला म्हणालीस नंतर, "आई, मशीन आवरायचं राहिलं होतं तुमचं, मी झाकून ठेवलं." तू मशीन झाकलंस. सॉकेट तुला दिसलं नाही. तुझा काय दोष, फ्रीझरला हात लावायची तुला मुभाच नव्हती.

रविवारी दुपारी मी परत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. लेक कामावर, तू भिंगरीला घेऊन कुणाच्या तरी वाढदिवसाला गेलेली. फ्रीझरखाली पाण्याचं थारोळं. मी झाकण उघडलं.

वरच्या थरात कच्चं मटण होतं, ते वितळून त्याचं लाल पाणी खालच्या डब्यांवर उतरलं होतं. काही झाकणं फुगून सैल झाली होती. मी महिनाभराचं करून ठेवलं होतं, दोन रविवार उभी राहून. काय करायचं ते मला ठाऊक होतं. अगं, मला ठाऊक नसेल तर कुणाला? हॉस्पिटलच्या भिंतीवर तो नियम मीच मोठ्या अक्षरांत लिहून लावला होता, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही. नव्या मुलींकडून तो पाठ म्हणून घ्यायचे. एका मुलीने दोन किलो कोंबडी पुन्हा गोठवली म्हणून तिला सगळ्यांसमोर रडवलं होतं. तुला पाठवलेल्या पहिल्या पत्रात मी सगळे नियम लिहिले, तेवढा एक सोडून. विसरले नव्हते. तो लिहायला घेतला आणि पेन पुढे सरकेना, म्हणून "एवढंच" म्हणून मोकळी झाले.

मग का ठेवलं, असं विचारशील. वाया जाईल म्हणून नाही. तसं असतं तर निदान गरिबीचं तरी कारण झालं असतं. त्याच्या पंधरा दिवस आधी तुझ्याकडून फ्रीझरचं झाकण अर्धवट लागलं होतं, आठवतं? एका कोपऱ्यातला पाव तेवढा मऊ झाला होता. मी जेवायच्या टेबलावर माझ्या लेकासमोर म्हणाले होते, "ज्यांना झाकण लावता येत नाही त्यांनी हात लावू नये." तू मान खाली घालून जेवलीस. आता मी अख्खा फ्रीझर रिकामा करून फेकला असता तर तुम्ही विचारलं असतं, काय झालं? आणि मला सांगावं लागलं असतं. तू काही बोलली नसतीस. तू नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस, आणि तेच मला नको होतं.

कच्चं मटण आणि झाकणं सुटलेले डबे मी पिशवीत घालून लांबच्या कचराकुंडीत टाकून आले. आपल्या कोपऱ्यावरच्या नाही, लांबच्या. बाकीच्यांचा वास घेतला. एकातलं चिमूटभर जिभेवर ठेवलं. डबे पुसले, परत लावले, प्लग लावला, फरशी पुसली. झाकणाच्या आतला बर्फ तू बघितलास, तो या दुसऱ्यांदा गोठण्याचा. मनाशी म्हटलं, हे सगळं मी स्वतःच काढीन आणि दहा-दहा मिनिटं उकळून देईन, कुणाला काही व्हायचं नाही.

बुधवारी मी डोळे तपासायला गेले आणि तिथे रांग होती. तू कामावरून आलीस, पोर भुकेली. स्वयंपाकघरात काही नव्हतं. तू, जिला मी हात लावू नकोस म्हटलं होतं, तिने घाबरत घाबरत एक डबा काढला.

तू कडकडीत उकळलं असतंस तर कदाचित निभावलं असतं. हे "कदाचित" मी दीड वर्ष चघळत बसले आहे. डॉक्टरांनी नंतर हेही विचारलं होतं, "घरातली वीज गेली होती का मध्ये?" मी चटकन म्हणाले, "नाही हो, वीज कुठे गेली." खरंच गेली नव्हती. मी काढली होती. खोटं न बोलता खोटं कसं बोलायचं हे माझ्याकडून शिकावं.

भिंगरी घरी आल्यावर तुझ्या नवऱ्याने ठरवलं की तिचं खाणं आई बघेल. म्हणजे मी. आणि मी बघितलं. तू दारात उभी राहायचीस आणि मी तुझ्या लेकीला घास भरवायचे. तू स्वयंपाकघरात यायची बंद झालीस, मग जेवणाच्या टेबलावर, मग एक दिवस घरातूनच गेलीस. दर पायरीला मला वाटायचं, आज सांगते. आणि दर पायरीला सांगणं आणखी अवघड होत गेलं.

वकिलांचा कागद मी आज फाडला. त्याचं कौतुक नको. फाडायला काही लागत नाही.

आजी


१५ एप्रिल

वरचं पत्र आठ दिवस माझ्या पिशवीत होतं. रोज पोस्टापर्यंत जायचे आणि ब्रेड घेऊन परत यायचे. घरात आता ब्रेडच ब्रेड झालाय. आज टाकते आहे. लेकाला अजून सांगितलेलं नाही. सांगेन.


३० एप्रिल

सूनबाई,

परवा कोर्टात तू आदल्या दिवसाबद्दल काही विचारलं नाहीस, म्हणून मीच लिहिते, घरी काय झालं ते.

सत्तावीसला संध्याकाळी लेक कामावरून आला, हात धुतले, म्हणाला, "आई, सही राहिली ती राहू दे, उद्या तोंडी नीट बोल. घाबरू नकोस. फक्त जे पाहिलंस ते सांग." मी म्हटलं, "बस." तो बसला. मी तुला लिहिलं तेच त्याला सांगितलं, पण इतकं सरळ जमलं नाही, मध्ये मध्ये रडले. त्याने हातातला पंचा घडी केला, उलगडला, परत घडी केला. शेवटी म्हणाला,

"ती मला सांगत होती. बर्फाचं. झाकणाच्या आतला बर्फ. तीनदा सांगितलं तिने. मी म्हटलं, सबबी सांगू नकोस."

मी म्हटलं, "तुझी चूक नाही, तुला मी..."

"आई, गप्प बस," तो म्हणाला. माझ्याशी आजवर असा बोलला नव्हता. "माझी चूक माझ्याकडे राहू दे. तीसुद्धा तूच घेऊन बसू नकोस."

त्याने ताट वाढून घेतलं, जेवला नाही, ताट झाकून ठेवलं आणि मित्राकडे झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या समुपदेशक बाईंच्या खोलीत तू खिडकीशी बसलीस, तो दाराशी. मध्ये मी. बाईंनी विचारलं, "आजी, मुलीच्या आजारपणाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" मी सांगितलं. वकील दोनदा म्हणाले, "हे आपल्या अर्जात नाही." बाई त्यांना म्हणाल्या, "त्यांना बोलू द्या." माझं बोलून झालं. कोपऱ्यात मुलांसाठी खेळण्यांचं खोकं होतं, त्यातल्या एका चाक तुटलेल्या गाडीकडे मी बघत राहिले. मग माझा लेक म्हणाला, "अर्ज मागे घ्यायचा आहे." बस्स, एवढंच.

बाहेर पॅसेजमध्ये तू माझ्यापाशी आलीस. मला वाटलं, मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू म्हणालीस, "आई, पत्र मी चार वेळा वाचलं. प्लगचं मी समजू शकते. कुणाकडूनही होतं. डबे परत ठेवलेत, तेही एक वेळ समजेन. पण त्या फरशीवर मी तुमच्या मांडीवर रडत होते आणि तुम्ही माझ्या केसांतून हात फिरवत होतात. तेव्हा तुमच्या मनात काय चाललं होतं?"

मी पदराचं टोक पिळत राहिले. त्याचं उत्तर आता देते, कारण तू विचारलं आहेस. मला हायसं वाटत होतं. पोरीला मशिनवर घ्यायचं चाललेलं, तू पायाशी, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं की कुणाला कळलं नाही. तुझ्याबद्दल मायाही वाटत होती, तीही खोटी नव्हती. दोन्ही एकाच वेळी होतं. याच्यापुढे मला सांगता येत नाही.

मग तू म्हणालीस, "मला तुमची माफी नको आहे. भिंगरीला वाटतं तिच्या आईने तिला आजारी केलं. मी कितीही सांगितलं तरी ते तिच्या डोक्यातून जाणार नाही, कारण मीच ते दीड वर्ष मान्य करत आले. तिला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने."

मी मान हलवली खरी, पण तुला सांगते, कोर्टापेक्षा मला याची धास्ती आहे. जगात मला बघून पळत येणारं तेवढं एकच माणूस उरलंय.

तू म्हणशील तिथे आणि म्हणशील तेव्हा येईन.

आजी


२५ मे

सूनबाई,

काल बागेत तू लांबच्या बाकावर बसली होतीस. आमचं बोलणं तुझ्यापर्यंत पोचलं नसेल. मी तिला काय सांगितलं ते तुला शब्दशः कळायला हवं, म्हणून लिहिते. उद्या माझं मन पुन्हा फिरवाफिरव करेल आणि मला आठवेल ते वेगळंच असेल. मला माझा भरवसा नाही, म्हणून आजच लिहिते.

ती झोपाळ्यावर होती. मी तिच्या समोर वाळूत बसले, गुडघ्यांनी बोंब मारली तरी बसले. म्हटलं, "भिंगरी, तू हॉस्पिटलमध्ये होतीस ते आठवतं?"

"सुया," ती म्हणाली.

"हो. तुला ते का झालं, माहीत आहे?"

"आईने खिमा नीट गरम नाही केला."

"नाही. खिमा आधीच खराब झाला होता. मी खराब केला होता."

तिने झोपाळा पायाने थांबवला. "मुद्दाम?"

"खराब मुद्दाम नाही केला. पण खराब झाला हे मला समजलं होतं, आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवला. फेकायला हवा होता."

"मग का नाही फेकलास?"

तिला काय सांगायचं हे मी महिनाभर घोकत होते. लहान मुलांना कळेल असं, गोड शब्दांत. सगळं विसरले. म्हटलं, "माझी चूक झाली हे तुझ्या आईला कळू नये म्हणून."

तिने पायाने वाळूत एक रेघ ओढली. मग वकिलांनाही सुचला नसता असा प्रश्न तिने विचारला. "आणि बाबा आईला ओरडायचे तेव्हा तू कुठे होतीस?"

"तिथेच होते."

"मग बोललीस का नाहीस?"

"घाबरले."

"मी पण घाबरते," ती म्हणाली, "पण मी सांगते." हे तिने फुशारकीने नाही म्हटलं. फक्त मला माहिती दिली. मग विचारलं, "म्हणजे आई नव्हती? एकदम नव्हती?"

"एकदम नव्हती," मी म्हटलं.

त्यानंतर तुला दिसलंच असेल. ती झोपाळ्यावरून उतरली, वाळूत एक चप्पल राहिली ती परत येऊन घेतली, माझ्याकडे बघितलं नाही, आणि तुझ्याकडे पळत सुटली. तुझ्या मांडीवर चढून तुझ्या कानात काहीतरी बोलायला लागली. तू तिला घट्ट धरलंस आणि तुझे खांदे हलायला लागले. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. मी विचारतही नाही.

मी उठले. हाक मारली तर ऐकू यावी इतकी हळू चालले, हेही सांगून टाकते. फाटकाशी चपलेचा पट्टा सुटल्यासारखं करून वाकले. पट्टा सुटला नव्हता. हाक आली नाही.

लेक अजून मित्राकडेच राहतो, परवा हत्यारांची पेटी न्यायला आला होता, तेव्हा म्हणाला की तो तुझ्याकडे येऊन गेला. तू दार उघडलंस का, हे मी त्याला विचारलं नाही आणि तुलाही विचारत नाही. शनिवारी भिंगरीला इकडे पाठवायची की नाही, ते तुझं आणि तिचं तुम्ही ठरवा. ती नाही म्हणाली तर तिची समजूत घालू नकोस. तिला माझा राग येऊ दे. तुझ्यावरचा खोटा राग तिने दीड वर्ष धरला, आता खरा राग धरायला तिला तेवढाच वेळ मिळू दे.

मी पत्रं लिहायचं आता थांबवते. तुला उत्तर द्यावंसं वाटलं तर पत्ता आहेच. नाही वाटलं तर त्यातही काही वावगं नाही. काल फाटकाबाहेर आले, बस समोरच उभी होती. चढले, खिडकीशी बसले, आणि बाग मागे पडेपर्यंत तुम्हा दोघींकडे बघत राहिले. तू तिची चप्पल झटकत होतीस, वाळू काढत होतीस, आणि ती हसत होती.

आजी